पुसलेल्या खडूच्या खुणा

आमच्या भागात मोहफुलं वेचणारे लोक झाडाखालचा पाचोळा आधी जाळतात. जमीन साफ झाली की पडलेली फुलं दिसतात. वारा फिरला तर त्याच जाळाचा वणवा होतो. म्हणून आमच्या जंगलकाठच्या दवाखान्यात उन्हाळ्याआधी तयारीची तपासणी व्हायची. भांडार माझ्याकडे होतं.

ऑक्सिजनच्या सिलिंडरांवर आम्ही खडूनं लिहायचो, भरलेलं किंवा रिकामं. त्या वर्षी तपासणीला मोठे साहेब येणार म्हणून मी सगळी सिलिंडरं धुऊन पुसून एका रांगेत लावली. साहेब खूश झाले. सगळं तयार असल्याची मी वहीत सही केली. खुणा पुन्हा करायचं उद्यावर टाकलं आणि ते राहूनच गेलं.

तीन आठवड्यांनी भरदुपारी धुरानं सूर्य तांबडा झाला. आधी धुरानं गुदमरलेला एक वनमजूर आला. तपासणीच्या खोलीतलं सिलिंडर त्याला लावलं. पाठोपाठ ऑटोतून एक म्हातारी आली, मुळातच दम्याची. तिचे ओठ निळे पडले होते.

"भाऊ, दुसरं आना!" सिस्टर ओरडल्या.

मी भांडारात धावलो. सहा सिलिंडरं, सगळी सारखीच चकचकीत. पहिल्याच्या झडपेला किल्ली लावून फिरवली, हवेचा आवाज नाही. दुसरंही गप्प. हात घामानं घसरत होते.

"काहून येळ करून राह्यले, भाऊ? पूजा करता का त्याची?"

तिसरंही रिकामं. चौथं फुसफुसलं. ते ओढत नेलं तेव्हा म्हातारीचे डोळे वर गेले होते. मास्क लावला. तिची छाती नीट हलायला लागेपर्यंत मला माझाच श्वास सापडत नव्हता.

ती वाचली. तिचा नवरा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता.

"पाचोळ्याले काडी म्याच लावली, साहेब," तो म्हणाला. "ते गेली असती त माह्यामुळं गेली असती."

मी त्याला पाणी आणून दिलं.

"पन इतला येळ काहून लागला जी?"

"सिलिंडर जड असतं ना, बाबा."

"हो जी, जड त असनच," तो लगेच म्हणाला. जणू विचारलं हीच त्याची चूक झाली. "तुम्ही तरी काय करसान? काडी त माहीच." आणि तो तोंड झाकून रडायला लागला.

खिशातली सिलिंडरची किल्ली मुठीत धरून मी तसाच उभा राहिलो. त्याला खरं सांगायला मी आजवर गेलेलो नाही.