न आखलेला चौथा रकाना

जानेवारीतला मंगळवार, दुपारचे तीन. कंपनीच्या पहिल्या मजल्यावरची मीटिंगची खोली. हजर चौघं – क्रीडा विभागाचे साहेब, आमच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक अण्णा, कार्मिक विभागातल्या एक बाई आणि मी. समोरच्या कागदावर आकडा होता एकोणीस. तो बरोबर होता. त्या कागदावरचे सगळेच आकडे बरोबर होते – आणि तरीही तो कागद खोटा होता.

हे चार वर्षं माझ्या तोंडातून बाहेर आलं नाही. बायकोसमोरसुद्धा नाही, आणि तिला मी भाजीतलं मीठ कमी असल्यापासून सगळं सांगतो. गेल्या महिन्यात पहिल्यांदा बोललो. एकदा बोलल्यावर कळलं की जीभ झडत नाही. म्हणून आता तुम्हाला सांगतो – सावकाश सांगतो, मध्ये अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी रोह्याच्या बाजूच्या एका कंपनीत भांडारात आहे. राहतो मुरुडच्या अलीकडे. आलेला माल, गेलेला माल, उरलेला माल – अठ्ठावीस वर्षं हेच. एका नट-बोल्टाचाही फरक पडला तर मी जेवायला उठत नाही, अशी माझी ख्याती. ती खरी आहे, आणि तिचाच मी उपयोग करून घेतला. पण ते पुढे.

कंपनीचा कबड्डीचा संघ व्यावसायिक गटात खेळायचा. पोरं वर्षाच्या करारावर घेतलेली, सकाळी सराव, दुपारी नावापुरती हजेरी. तीन हंगाम टिकला की कायम नोकरी. रायगडात कबड्डी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको – त्या करारासाठी पोरं गुडघे फोडून घेतात. आणि त्या संघाची वही मी ठेवायचो. कुणी सांगितलं नव्हतं, हौस होती. प्रत्येक सामन्याला रेषेबाहेर खुर्ची टाकून बसायचो, हातात पेन्सिल. समोरच्या संघाची प्रत्येक चढाई माझ्या वहीत. चार रकाने – चढाई कितवी, पकड कुणी केली, पकड टिकली की फसली आणि चौथा, ‘शेजारी’.

हा चौथा रकाना माझ्या डोक्यातून निघालेला. कबड्डीत कोपऱ्यातला गडी म्हणजे फुटबॉलचा गोलकीपर समजा. त्याच्यापाशी सामना थांबतो किंवा निसटतो, आणि निसटला की सगळं मैदान त्याच्याकडेच बघतं. पण तो एकटा नसतो हो. त्याचा हात धरून साखळीतला दुसरा गडी शेजारी उभा असतो. कोपरेवाल्याने घोट्यावर झेप घेतली की त्याच क्षणी शेजाऱ्याने चढाईवाल्याच्या अंगावर पडायचं. तो नाही पडला तर? एकट्याच्या हातातला पाय फरफटत मध्यरेषेपर्यंत जातो. लोकांना दिसतो तो सुटलेला हात. न आलेला शेजारी कुणाला दिसत नाही. मला दिसायचा. वेळेवर आला तर बरोबरची खूण, उशिरा आला तर ‘उ’, आलाच नाही तर शून्य.

त्या वर्षी डाव्या कोपऱ्यात नवा पोरगा आला. निकेश. मांडव्याजवळच्या कोळीवाड्यातला, वय एकवीस, बोटं दोरखंडासारखी. पहिले दोन सामने त्याने असे धरले की अण्णांनी स्वतःच्या पैशाने सगळ्यांना वडापाव दिला. आणि मग आम्ही हरायला लागलो. एक, दोन, चार… ओळीने नऊ सामने. पेणला हरलो, अलिबागला हरलो, श्रीवर्धनला जाऊन हरलो. बाहेरची पोरं ओरडायची, “कंपनीचा माल एक्स्पायर झाला!” आणि निकेशच्या हातून पाय निसटला की मागून कुणीतरी हमखास – “ए कोपरा, पाय धरतंस का पाया पडतंस रं?”

लोक हसायचे. तो वळून बघायचा नाही. पॅन्टला हात पुसून परत कोपऱ्यात उभा राहायचा. पण सहाव्या सामन्यानंतर झेप घेण्याआधी तो क्षणभर थांबायला लागला. तुम्ही खेळला असाल तर तुम्हाला माहीत आहे, तो क्षण गेला की सगळं गेलं.

आणि त्याच्या शेजारी, त्याचा हात धरून, कोण उभं असायचं? सुयोग. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा.

आधीच्या हंगामात सुयोगचा गुडघा दुखावला होता. बरा झाला म्हणून त्याने लिहून दिलं. बरा झाला नव्हता. बहिणीने मला सांगितलेलं, “दादा, अंगावर पडायला तो घाबरतो रे. पण मार्चमध्ये कायम होईल, तेवढं निभावू दे. बोलू नकोस कुणाला.” मी बोललो नाही. ती अडचणीत होती असं समजू नका. नवऱ्याला नोकरी, पक्कं घर, दारात मोटरसायकल. कुणी उपाशी राहणार नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर ऐकताना तुम्ही माझ्यासाठी सबब शोधाल.

नवव्या पराभवानंतर साहेबांनी बैठक लावली. एकाचा करार मोडायचा हे ठरलेलंच होतं. अण्णा मला म्हणाले, “भाऊ, तुमच्या पेन्सिलीच्या वहीतलं आम्हाला वाचता येत नाही. शाईने नीट प्रत काढून आणा.”

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी फुलस्केप कागद घेतला, पट्टी घेतली आणि रकाने आखले. तीन आखले.

पान अपुरं पडतं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पडत नव्हतं. उजवीकडे चार बोटं जागा कोरी होती – ती अजूनही डोळ्यांपुढे आहे. नऊ सामन्यांत निकेशच्या फसलेल्या पकडी एकोणीस. पेन्सिलीच्या वहीत त्यातल्या तेरा पकडींसमोर ‘उ’ किंवा शून्य. आणि तेराही वेळा शेजारी सुयोग. शाईच्या कागदावर नुसते एकोणीस.

बैठकीत साहेब म्हणाले, “एकट्याच्या नावावर एकोणीस?” बाईंनी लिहून घेतलं. अण्णा मात्र कागदाकडे बघत बसले. मग माझ्याकडे वळून विचारलं, “भाऊ, शेजारच्याची साथ मिळत होती ना त्याला?”

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “कागदावर तसं काही नाही, अण्णा.”

बघा, हेही खरंच होतं! कागदावर नव्हतं. खोटं न बोलता खोटं बोलता येतं, हे त्या दिवशी मला कळलं – आणि ते मला जमतं, हेही कळलं. अण्णांनी मान हलवली. भाऊंच्या वहीत नाही म्हणजे नाहीच. पाच मिनिटांत बैठक संपली. चहा आला, बिस्किटं आली. मी दोन खाल्ली.

तुम्हाला वाटेल कबुली इथे झाली. नाही. इथवरचं मी कदाचित पचवलंही असतं. दोन पोरं, एक जागा, एक माझ्या रक्ताचा – अशी चूक बरेच जण करतात, असं म्हणून कूस बदलता आली असती. मला जे सांगायचंय ते शुक्रवारचं आहे.

शुक्रवारी निकेश सामान परत करायला भांडारात आला. दोन जर्सी, एक जोडी बूट, गुडघ्याचे पट्टे. जर्सी धुऊन, घडी घालून आणलेल्या. मी पावती केली, त्याने सही केली. आणि तो गेला नाही. काउंटरवर हात ठेवून उभा राहिला.

“काका,” म्हणाला, “माझा हात नक्की कुठं सुटतोय, ते तुमच्या वहीत असंल ना? एकदा दाखवा. मी सुधारीन. दुसरीकडं तरी खेळीन.”

पेन्सिलीची वही माझ्या गुडघ्यापाशी, खणात होती. किल्ली खणालाच लावलेली. हात खाली नेला असता तर –

मी म्हणालो, “वही ऑफिसात जमा झाली रे. आता मिळायची नाही.”

“बरं, काका,” म्हणाला. आणि वाकून माझ्या पायाला हात लावला.

हा माझा गुन्हा. करार साहेबांनी मोडला. पण त्याचा हात चांगला होता हे जगात एका माणसाला आकड्यांनिशी माहीत होतं, आणि त्याने विचारलं तेव्हा त्या माणसाने खण उघडला नाही. बरं, सुयोगचं नाव तेव्हाही झाकता आलं असतं. “हात सुटत नाही, साथ उशिरा येते,” एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तेवढंही का म्हटलं नाही? वहीची पत जाईल म्हणून. दुसरं कारण मला सापडलेलं नाही, आणि मी पुष्कळ शोधलं आहे.

सुयोग मार्चमध्ये कायम झाला. संघ पुढचे सामनेही हरला आणि दोन वर्षांनी कंपनीने तो बंदच केला.

गेल्या महिन्यात बायकोच्या डोळ्यांसाठी मुंबईला निघालो होतो. मांडव्याच्या धक्क्यावर बोट लागत होती आणि एक पोरगा दोर झेलून खुंटाला गुंडाळत होता. तोच. दाढी आलेली. “काका, ओळखलंत का?” म्हणून बायकोची पिशवी उचलली, तिला हाताला धरून बोटीत चढवलं. बोट सुटल्यावर ती म्हणाली, “किती घट्ट धरलं पोराने, जराही भीती वाटली नाही.” गेटवे येईपर्यंत मी तिला सगळं सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “वही आहे अजून?” होती.

त्या आठवड्यात अण्णांना जाऊन भेटलो. ते निवृत्त झालेत, सुपारी सोलत बसले होते. ऐकून एवढंच म्हणाले, “मी तुम्हाला विचारलं होतं, भाऊ.” बहिणीला सांगितलं. सुयोग तिथेच होता, तो खाली मान घालून बसला. ती म्हणाली, “दादा, चार वर्षांनी हे उकरून तुला काय मिळणार आहे?” या भाऊबीजेला बोलावणं आलं नाही.

मग वही घेऊन मांडव्याला गेलो. दोन बोटींच्या मधल्या वेळात निकेश कठड्याला टेकून ती वाचत होता. पेन्सिलीचं पुसट झालेलं, पण त्याला मी सांगायची गरज पडली नाही. “ही पेणची ना? ही श्रीवर्धनची, तो डावखुरा लांब पायांचा.” शून्यावर बोट ठेवून थांबायचा, मग पान उलटायचा. रागावेल, वही पाण्यात फेकेल, थोबाडीत मारेल – सगळ्याची तयारी करून गेलो होतो. तो म्हणाला, “काका, मी दोन वर्सं पान्याचे कॅन बोटांनी उचलत होतो. हात घट्ट व्हावा म्हणून.” आणि थोड्या वेळाने, “आयेला सांगा चला. मी सांगितलं तर तिला पटायचं नाही.”

त्याची आई ओट्यासमोर बोंबील वाळत घालत होती. मी उभ्यानेच सांगितलं. मग वही उघडून तेराच्या तेरा नोंदी वाचल्या – सामना, चढाई, शेजारी. तिचे हात थांबले नाहीत. वाचून झाल्यावर म्हणाली, “मंग चार वर्सं काय करत व्हतास? वही पिकत घातली व्हतीस का?”

शेजारच्या दोन बायका हसल्या. मीही हसलो असतो, पण तिचे डोळे भरले होते. “आन मी याला रोज बोलायची, तुझ्या हातात जोर न्हाय,” ती म्हणाली. माझ्याकडे नाही, पोराकडे बघून. मग पदराने तोंड पुसून मला विचारलं, “एकोनीस बोललास ना? वरचे सहा कुनाचे?”

निकेशच म्हणाला, “ते माझेच गं. तिथं माझाच हात सुटला.”

“नक्की?”

“नक्की,” मी म्हणालो. “तिथे शेजारी वेळेवर होता.”

“मंग ऱ्हाऊ दे ते त्याच्याकडं,” ती म्हणाली आणि पुढचा बोंबील उचलला.

चहा विचारला नाही, बस म्हणाली नाही. परतीच्या एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली आणि अलिबाग येईपर्यंत मला गाढ झोप लागली – कंडक्टरने हलवून उठवलं. अशी झोप मला चार वर्षांत लागली नव्हती, आणि तिची मला लाज वाटली नाही.

तेरा पकडी मी त्या ओट्यासमोर निकेशच्या आईच्या हवाली केल्या. सहा निकेशने स्वतःकडे ठेवून घेतल्या.