खेकडे माहेरी सोडले त्याची गोष्ट

खेकडा मला खाण्यापुरताच आवडतो. तरीही एके साली मी जिवंत खेकडे हंड्यात घालून तळ्यावर पोचवले, आणि वाटेत हसण्यापायी मला हंडा खाली ठेवून बसावं लागलं.

नगर जिल्ह्यात कर्जतकडे आमची वस्ती. वस्तीच्या वर पाझर तलाव आहे. तो आम्हीच बांधला, मोठ्या दुष्काळात, सरकारी कामावर. बायकांनी माती वाहिली आणि धुमसाने ठोकून ठोकून बसवली. पुढच्या पावसाळ्यात तळं भरलं, पाणी जमिनीत मुरलं आणि बांधाखाली एका बगलेला असलेल्या आमच्या कोरड्या विहिरीला पाणी आलं. त्याआधी मी हंडा घेऊन टेकडीपलीकडे जात होते. सासूबाई रोज सकाळी विहिरीत डोकावायच्या, तान्हं पोर निजलंय का बघावं तशा.

पाण्यामागोमाग खेकडे आले. काठाची चाळण केली, बांधालाही सोडलं नाही. नगरहून ओव्हरशियर फटफटीवर आला. बांधावर चालताना त्याचा पाय बिळात गेला. पाय वर आला, बूट आतच राहिला. जाऊबाईंनी हात घालून बूट काढून दिला, तर त्यात खेकडा बसलेला. आम्ही पदर तोंडात कोंबले.

"हसू नका," साहेब म्हणाला. "बांधातली बिळं बुजवा. नाहीतर तळं तुमच्या घरात येईल."

खरंच बोलला तो. पण बांधातली म्हणाला होता. आम्ही कुठल्या ऐकतोय! दुष्काळी कामावर आम्ही एकच शिकलो होतो, भोक दिसलं की ठोकायचं. झाडून साऱ्या बायका तळ्यावर उतरल्या. बिळात हात घालायचा, नांगीच्या मागून धरायचं आणि ओढायचं. जाऊबाईंनी पुढून धरलं.

"सोड की मेल्या! नवरासुदीक इतका धरीत न्हाई!"

ऐकून एक बाई हसता हसता पाण्यात पडली आणि तिला काढायला गेलेली तिच्यावर. घरोघर खेकड्याचा रस्सा उकळला. सासूबाई माळकरी, त्यांनी चूल वेगळी मांडली आणि नाकाला पदर लावून बसल्या. खाऊन झाल्यावर आम्ही धुमस घेतला आणि बांध तर ठोकलाच, तळ्याचा सगळा काठही ठोकला. घरची ओसरी काय गुळगुळीत असेल असा.

आणि विहिरीचं पाणी उतरू लागलं.

तळं काठोकाठ, विहीर खाली चाललेली. सासूबाई म्हणाल्या, "खावा अजून रस्सा!" मी विहिरीच्या अंगाच्या काठाखाली जाऊन पाहिलं. तिथं कायम चिखल असायचा, लव्हाळा आणि बगळे असायचे. आता माती तडकली होती. तेव्हा कळलं. पाणी खेकड्यांच्या बिळांतून मुरत होतं आणि आम्ही ती वाट ठोकून बंद केली होती. पहारीने भोकं पाडून बघितली. ती गाळाने लगेच बुजली. खेकडा आपलं बीळ रोज उकरतो. आम्हाला कुठला तेवढा वेळ?

मग काय, हंडे घेऊन खेकडे धरायला खालच्या ओढ्यावर गेलो. सासूबाईही आल्या. हंड्यांत खेकडे खडखड करत होते आणि आम्ही ओळीने तळ्याकडे चाललो होतो. काष्टीच्या बाजाराला बैल घेऊन निघालेला एक म्हातारा थांबला.

"बायांनो, लोक तळ्यातनं खेकडं आनत्यात. तुमी तळ्याकडं घेऊन कुटं निगाला?"

"माहेरी सोडाया," जाऊबाई म्हणाल्या. "लई दिस झालं न्हवं!"

मी तिथंच बसले. हंडा कलंडला, खेकडे बैलाच्या पायात गेले, बैल उधळला आणि म्हातारा शिव्या देत त्याच्यामागे. पळालेले खेकडे गोळा करताना सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा खेकडा धरला, आणि बरोबर मागून धरला.

बांधाच्या आतल्या अंगाला आम्ही दगड लावले, फट न ठेवता, म्हणजे खेकड्याला उकरता येऊ नये. विहिरीच्या अंगाचा काठ खेकड्यांना दिला. तिथं धुमस न्यायचा नाही. कायदा सासूबाईंनी केला.

"बांदावर दिसला की करा तुमचा रस्सा. काठावर दिसला की रामराम म्हना आन् वाटंनं चला."

बरेच दिवस काहीच झालं नाही. माझा जीव टांगणीला, कारण टेकडीपलीकडची वाट मला दिसत होती. सासूबाई विहिरीत डोकावायच्या आणि परत यायच्या. मग एका सकाळी विहिरीवरून ओरडल्या, "आलं गं! पायरी बुडाली!"

घरात येऊन त्यांनी ताजी भाकरी उचलली आणि थेट काठावर गेल्या. आम्ही मागे. एका बिळाच्या तोंडाशी बसून त्या तुकडा मोडून घालू लागल्या. आतून नांगी आली आणि तुकडा घेऊन गेली.

"घाला, आत्याबाई, चांगला घाला," जाऊबाई म्हणाल्या. "जरा अंगानं भरू द्या."

सासूबाईंनी उरलेली भाकरी त्यांना फेकून मारली.