ताईला आणायची गाडी

बाबा नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात पाइप फिटर आहेत. तिथे एखादा जोड सैल राहिला तर वायू सुटतो आणि माणसं तोंडावर रुमाल धरून पळतात. त्यामुळे नट घट्ट बसला तरी बाबा पाना आणखी थोडा ओढतात. घरातही तेच. आई म्हणते, "यांनी बसवलेला नळ बदलायचा तर भिंतच पाडावी लागेल."

ताईचं सासर सुरतेला. तिच्या साखरपुड्याला आम्ही स्टेशनवरून रिक्षाने त्यांच्या दारात उतरलो, तेव्हा तिच्या होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, कळवायचं ना, गाडी पाठवली असती." त्या चांगल्या मनानेच बोलल्या असाव्यात. पण बाबांच्या मनाला ते लागलं. पुढे लग्न झालं, आणि काही महिन्यांतच बाबांनी कारखान्यातल्या एका साहेबांची जुनी गाडी घेतली.

पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते आणि तिला आणायला माहेरच्यांनी जायचं असतं. ताईला सातवा महिना लागला तसं बाबा रोज जेवताना एकदा तरी म्हणायचे, "आपण आपल्या गाडीने जाऊ. तिला मागे आडवं होता येईल."

अडचण एकच होती, गाडी तापायची. इथल्या इथे खंडेराव मार्केटला जाऊन येईपर्यंत काटा वर चढायचा. फतेगंजच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून सांगितलं की इंजिन चांगलं आहे, पण ते थंड ठेवणारे प्लास्टिकचे भाग म्हातारे झालेत. कूलंटची टाकी आणि थर्मोस्टॅट ज्यात बसतो ते हाउसिंग बदलायला हवं.

"घरीच करू," बाबा मला म्हणाले. "पाइपांचंच तर काम आहे."

सामान अहमदाबादहून मागवावं लागलं. ते हाती आलं आणि रविवारी सकाळी आम्ही दोघं सोसायटीच्या अंगणात कामाला लागलो. सोमवारी ताईला आणायचं होतं, तो दिवस दोन्हीकडच्यांनी पंचांग बघून ठरवला होता.

"केम भाऊ, पाछो ताव आव्यो?" खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकांनी गॅलरीतून विचारलं. त्यांना वाटलं गाडीला परत ताप भरला.

"आजे ऑपरेशन छे," बाबा बॉनेटखालून म्हणाले.

"तो पछी नर्स क्यां?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी एका हातात मोबाइलचा उजेड आणि दुसऱ्यात फडकं घेऊन उभी होते. मला बरं वाटत होतं. कॉलेजात गेल्यापासून आमचं बोलणं थोडं कमी झालं होतं. मी काय शिकते ते त्यांना विचारता येत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं. त्या दिवशी मात्र ते सांगत होते, मी ऐकत होते. जुनं हाउसिंग त्यांनी नुसतं हलवलं तर खाकऱ्यासारखं मोडून हातात आलं. "बघ," ते म्हणाले, "आतून उकडून उकडून असं होतं."

नव्या हाउसिंगच्या खोक्यात एक इंग्रजी चिठ्ठी होती, ती मी वाचून दाखवली. बोल्ट आधी हाताने घट्ट करायचे, मग पान्याने अर्धा फेरा, त्याहून जास्त नाही. बाबांनी अगदी तसंच केलं. टाकी बसवली, कूलंटचं हिरवं पाणी भरलं, गाडी सुरू करून कितीतरी वेळ चालू ठेवली. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. कुठे थेंबही गळला नाही. आईने खिडकीतून विचारलं, "पेशंट वाचला का?" बाबा हसले.

आम्ही चहा प्यायलो. इंजिन निवल्यावर बाबा हत्यारं गोळा करायला गेले आणि पाना हातात घेऊन पुन्हा वाकले.

"बाबा, झालंय ना?"

"झालंय गं. पण उद्या ती बसणार आहे ना आत."

मी परत मोबाइलचा उजेड धरला. त्यांनी पाना थोडासाच ओढला असेल. बारीक आवाज झाला, कट्‌ असा. नवं हाउसिंग बोल्टजवळ तडकलं, हिरवी धार लागली आणि खालच्या फरशीवर पसरत गेली.

बाबांनी भेगेवर अंगठा दाबून धरला, जणू तसंच धरून ठेवलं तर चालेल. मग त्यांनी हात काढला. "लोखंड असतं तर सहन केलं असतं," एवढंच म्हणाले.

रविवारी दुकानं बंद. नवा भाग पुन्हा अहमदाबादहूनच येणार. आई भाड्याच्या गाडीचं बोलत होती, तेवढ्यात ताईच्या सासूबाईंचा फोन आला, किती वाजता निघताय ते विचारायला. बाबांना खोटं बोलता येत नाही. पलीकडून त्या म्हणाल्या, "अहो, त्यात काय. आमची गाडी उद्या रिकामीच आहे. मीच येते तिला घेऊन." बाबा "बरं" म्हणाले आणि फोन ठेवून बराच वेळ साबणाने हात धूत राहिले.

ताई आली. आठवड्यानंतर भाग आला आणि बाबांनी तो बसवला. ते पाना बोटांच्या टोकांनी धरत होते, आणि प्रत्येक बोल्टला मला विचारत होते, "पुरे?" मला ते विचारणं नको वाटत होतं.

गाडी नंतर कधी तापली नाही. ताईला तपासणीला त्याच गाडीने नेलं, बाळालाही त्याच गाडीने घरी आणलं. एकदा परत येताना ताई म्हणाली, "किती छान चालते, बाबा. मला वाटलं होतं..." बाबांनी समोर बघत गिअर बदलला.

बाळ सव्वा महिन्याचं झाल्यावर सासरचे न्यायला आले. न्यायचं त्यांनी असतं. बाबांनी ताईच्या बॅगा त्यांच्या डिकीत ठेवल्या. "पुढच्या वेळी मी येईन आणायला," ते तिला म्हणाले.

ताई "हो" म्हणाली. दुसऱ्या बाळंतपणाला मुलगी सासरीच राहते, हे तिथे सगळ्यांनाच माहीत होतं.