शिंगाची पट्टी

आमच्या भीमगीतांच्या पार्टीत मी बेस गिटार वाजवते. ‘ताई, हा कोणता तंबोरा?’ असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. त्या वर्षी जयंतीआधी मात्र डोकं फिरवलं ते खुद्द माझ्या सख्ख्या भावानं, दादानं. मेडशीला तालीम चालली होती. गाणारा तोच, पार्टीही त्याचीच. म्हणाला, तुझी जाड तार गादी झोडल्यासारखी थपथप वाजते. कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस धरतोच आहे, तू या खेपेला कोरसमध्ये उभी राहा. मी रागानं जेवलेच नाही, म्हणजे दोनच पोळ्या खाल्ल्या.

दादाचं खरं होतं, तेच जास्त झोंबलं. त्याची गायची पट्टी पांढरी तीन. तिथला खर्जातला सा माझ्या बेसवर एकाच ठिकाणी मिळतो: सगळ्यात जाड तार, कुठेही बोट न दाबता मोकळी छेडायची. नव्या तारा घातल्या, तारांखालचा, आवाज टिपणारा पिकअप वरखाली केला, तरी दाबलेले सूर खणखणीत आणि मोकळी तार मेलेलीच. शेवटी मानेच्या टोकाकडे नीट पाहिलं. तारा जिच्यावर टेकतात ती बारीक पट्टी, आम्ही तिला नट म्हणतो, पोकळ प्लास्टिकची होती आणि जाड तारेखाली चिरली होती.

जऊळक्याला घरी आले. नवरा शेतकरी; पोळ्याआधी गावातल्या बैलांची शिंगं साळायला त्यालाच बोलावतात. माझं रडगाणं ऐकून त्यानं कोनाड्यातून आमच्याच बैलाच्या शिंगाचं कापलेलं टोक काढलं, भरीव आणि काळंभोर, आणि कानस घेऊन बसला. मी मापं सांगत होते, तो ऐकल्यासारखं करत होता. पट्टी झाली सुरेख, पण हात बैलाच्या सवयीचा. खाचा इतक्या खोल गेल्या की तारा मानेवरच्या पहिल्या पडद्याला, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीला, लागून झणझणू लागल्या. मी भडकले. त्यानं शांतपणे शिंगाचाच भुसा खाचांत भरला, वर पटकन सुकणारा गोंद सोडला आणि पुन्हा हलक्या हातानं घासलं.

मोकळी तार छेडली. सूर निघाला तो थांबेचना. लाकडातून थेट माझ्या पोटात उतरला. मी हसतच सुटले. मग दाबून वाजवलं, तर आवाज पहिल्यासारखाच. बोट दाबलं की तार पडद्यावर टेकते, शिंगाच्या पट्टीला विचारतच नाही.

नवरा म्हणाला, “एवढं घासलं, अन् फक्त मोकळ्या तारेपुरतं?”

“मले तेवढीच पायजे होती,” मी म्हटलं.

मालेगावच्या कार्यक्रमात मी गिटार अडकवून सरळ माझ्या जुन्या जागी जाऊन उभी राहिले. दादाच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण भरल्या मंडपासमोर भांडणार कसा? पहिलं गाणं सुरू झालं आणि मी सा सोडला. स्टेजच्या फळ्या थरथरल्या. दुसऱ्या ओळीला दादाचा आवाज त्या सुरावर ऐसपैस मांडी घालून बसला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही, भाऊच तो. अंतऱ्याआधी कीबोर्डवाल्याकडे झुकला, आणि तोंडासमोर माईक आहे हे विसरून सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाला, “डावा हात उचल. तिले वाजवू दे.”

कीबोर्डवाल्यानं हात मांडीवर ठेवला. मला इतका आनंद झाला की पुढचा सा मी एक मात्रा आधीच वाजवला.