विस्कॉन्सिनच्या आमदारबाई

सहार विमानतळावर निरोप द्यायला अमरावतीहून आमच्या घरची झाडून सगळी माणसं आली होती. मुग्धा माझ्या खांद्यावर झोपलेली. सुधीर कागदाच्या कारखान्यातल्या नोकरीवर रुजू व्हायला आधीच पुढे गेला होता. आत जायची वेळ झाली तशी आईने माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "मंदा, तिकडे कुणाच्या अध्यात नको नि मध्यात नको. आपलं घर, आपली पोर, बस." रडू आवरत मी मान हलवली. मला विमानाची भीती होती, इंग्रजीची होती, आणि सगळ्यात जास्त त्या गावाची होती, ज्याचं नाव माझ्या जिभेवर नीट बसतही नव्हतं.

तुमच्यापैकी जे पुढे न्यू जर्सीत पार्सिपनीला किंवा कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला, आपल्याच माणसांत उतरलात, त्यांना ते गाव डोळ्यांपुढे आणणं अवघड जाईल. विस्कॉन्सिनच्या अगदी उत्तरेला, पाइनचं जंगल आणि तळीच तळी. आपल्या लोकांचं दुसरं घर गाडीने अर्ध्या दिवसावर. तिथे दाराला कुलूप लावत नसत. मी मात्र दिवसाही कडी लावून, वर खुर्ची टेकवून बसायची. बर्फाने सगळे आवाज गिळून टाकलेले असत, आणि त्या शांततेचीच धडकी भरायची.

मार्लीनची ओळख बर्फातच झाली. माझी गाडी घसरून रस्त्याकडेच्या चरात गेली होती. मुग्धा मागे रडत होती आणि मी पुढे. एक उंच बाई पुरुषी बूट घालून पिकअपमधून उतरली, साखळी अडकवून गाडी ओढून काढली, आणि मला थर्मासमधली कॉफी पाजली. जाताना विचारलं, "टाइप करता येतं का? माझ्या ऑफिसात माणूस हवंय."

सुधीरला सांगितलं तर तो उडालाच. "अगं, ती इथली आमदार आहे!"

आमदार म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे जीप, हार आणि मागे चालणारी माणसं. या आमदारबाई ऑफिससमोरचा बर्फ स्वतः फावड्याने काढायच्या. राज्याच्या विधानसभेचं काम असलं की पहाटे निघून चार-पाच तास ड्राइव्ह करत राजधानीला जायच्या. आधी त्या नर्स होत्या. गावच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद होणार असं ठरलं, तेव्हा त्या चिडून निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. विभाग वाचला. मुग्धाच्या पाठचा निखिल तिथेच झाला.

त्यांचे वडील नॉर्वेहून आलेल्या लाकूडतोड्यांच्या घरातले. आई ओजिब्वे, म्हणजे या तळ्यांवर मुळात राहणाऱ्या लोकांपैकी, ज्यांना तिकडे 'इंडियन'च म्हणतात. आईचं नाव ॲग्नेस. तिला लहानपणी घरापासून तोडून सरकारी निवासी शाळेत ठेवलं होतं. आपली भाषा बोलली म्हणून तोंडात साबण कोंबायचे. तिने ती भाषा पोरीला शिकवली नाही. उलट बजावून ठेवलं, "कोणी विचारलं तर वडिलांचं सांग." मार्लीनचा रंग गोरा होता, आडनाव नॉर्वेचं. पहिल्या दोन निवडणुकांत कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

मग कोर्टाचा निकाल आला. जुन्या तहाप्रमाणे ओजिब्वे लोकांना या तळ्यांत भाल्याने मासे मारायचा हक्क आहे, असा. बर्फ वितळला की दिवेलागणीला ते होड्या घेऊन निघत. आणि किनाऱ्यावर, आम्हाला बंदी नि यांना मोकळीक का म्हणून चिडून, आमच्याच गावचे लोक जमू लागले. शिव्या, शिट्ट्या, दगड. ज्यांच्याकडे मी अंडी घ्यायची, ते लोक.

विधानसभेत त्यावर बोलताना मार्लीन म्हणाली, "ज्यांच्यावर दगड पडताहेत, त्यांत माझे मामा आहेत. माझी आई ओजिब्वे आहे. मी पण."

दुसऱ्या सकाळपासून ऑफिसचा फोन थांबेना. तो उचलायचं काम माझं. काही आवाज चढे असत, पण अंगावर काटा यायचा तो मऊ आवाजांनी. एक जण अगदी सौजन्याने म्हणाला, "तुमच्या बाईंना सांगा, तळं खोल आहे." मार्लीनने माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. "घरी जा, मंडा," म्हणाली. तिला 'मंदा' कधी जमलं नाही.

घरी मुग्धा शाळेतून येऊन बसली होती. "आई, व्हिच काइंड ऑफ इंडियन आर वुई? बसमध्ये मुलं विचारत होती."

मी म्हटलं, "आपण भारतातले."

"दे सेड इट डझंट मॅटर."

त्या दिवसापासून मी कुंकू लावणं सोडलं. पार्सिपनीहून विजूवहिनींचा फोन आला. "मंदा, तू काय वेड्यासारखी तिथे बसलीयेस? इकडे आपली किती माणसं! सुधीरच्या नोकरीचं हे बघतील. सोड ते जंगल." सुधीरने अर्ज केला. मी गुपचूप पेट्या काढून पुसूनही ठेवल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात मार्लीन ऑफिसात आली, तिचा चेहरा उतरलेला होता. आज तिचे मामा होडीत जाणार होते आणि ॲग्नेस हट्ट धरून बसली होती की मला किनाऱ्यावर ने. "मला लोकांच्या समोर उभं राहावं लागणार. आईजवळ गाडीत बसशील? नाही म्हणालीस तरी चालेल."

मला नाहीच म्हणायचं होतं. माझ्या आईचे विमानतळावरचे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण साखळी लावून गाडी ओढणाऱ्या त्या बाईने माझ्याकडे असं अजिजीने कधी बघितलंच नव्हतं. मी हो म्हणून गेले.

ऊन कलत होतं. तळ्याकाठी एवढी माणसं मी त्या गावात कधीच बघितली नव्हती. पोलीस होते, पण थोडे. मार्लीन गर्दी आणि होड्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. हात कोटाच्या खिशात. मी गाडीच्या काचा वर केल्या, दारं लॉक केली. लोकांनी गाडी ओळखली. कुणी टपावर थाप मारली, मग सगळेच मारू लागले, आणि गाडी हलायला लागली. गावच्या हार्डवेअरच्या दुकानातला डेल, ज्याने मला बर्फातले टायर कुठले घ्यायचे ते शिकवलं होतं, काचेला तोंड लावून ओरडला, "तू त्यांच्यातली नाहीस! घरी जा तू!" त्याच्या आवाजात काळजी होती की धमकी, मला आजही सांगता येत नाही.

ॲग्नेसने लॉक उघडलं.

"नको, नको," मी मराठीतच म्हणाले. म्हातारी उतरली सुद्धा. खडीवरून तिचा पाय घसरेल म्हणून मीही उतरले. धैर्य वगैरे काही नाही. तिचा हात धरून चालताना कोण कुणाला धरून आहे ते कळेना. एक दगड आमच्यावरून गेला. दुसरा मार्लीनच्या भुवईवर लागला. रक्त डोळ्यात उतरलं. ती जागची हलली नाही, हातही वर नेला नाही.

आणि ॲग्नेस भावाला हाक मारून बोलू लागली. मोठ्याने, तिच्या भाषेत. होडीतून मामांनी त्याच भाषेत उत्तर दिलं. मला अर्थ कळला नाही. मार्लीनलाही नाही. पण ती वळून आईकडे बघतच राहिली, तोंड उघडं, गालावर रक्त. तिने आईला असं बोलताना जन्मात ऐकलं नव्हतं. पुढच्या रांगेतले लोक म्हातारीकडे बघू लागले. मागचे ओरडतच होते. होडी पाण्यात गेली.

इस्पितळात टाके घालताना मार्लीन म्हणाली, "काय बोललीस, असं आईला विचारलं मी. म्हणते, भावाला म्हटलं, थंडी आहे, टोपी घाल." आम्ही दोघी हसलो आणि मग रडलो.

सुधीरला न्यू जर्सीहून नोकरीचा होकार आला. मग मी म्हटलं, "मला भीती वाटते. पण मला इथे मत द्यायचंय." न्यू जर्सीला नकार कळवला. मतासाठी अमेरिकेची नागरिक व्हायचं, तर भारताचा पासपोर्ट सोडावा लागणार होता. शपथेच्या दिवशी हात वर करताना मला अमरावतीचं घर कुणी माझ्या हातून काढून घेतंय असं वाटलं. तरी त्या शरदात शाळेच्या जिममध्ये जाऊन, कुंकू लावून, मी मार्लीनला मत दिलं.

ती हरली. थोड्या मतांनी, पण हरली. आमदारकी गेल्यावर ती पुन्हा नर्स झाली, आणि संध्याकाळी आईकडून भाषा शिकायला बसू लागली. पुढच्या वसंतात ती तळ्याकाठी उभी राहिली तेव्हा तिच्याबरोबर आम्ही बरेच जण होतो. सुधीरही.

अमरावतीला भेटलो की तुम्ही विचारता, तिकडे आता भीती नाही ना वाटत? वाटते. अजून फोन वाजला की छातीत धस्स होतं. पण पूर्वी भीती वाटली की मला अमरावती आठवायची. आता आधी हे आठवतं की मार्लीनच्या घराला मागच्या बाजूनेही एक दार आहे, आणि ते कुणालाही न विचारता उघडून मी आत जाऊ शकते.