मिस्त्रीकाकांची कानस

“घसरली तर ठेवा, चावली तर फेका.” मिस्त्रीकाकांचा कायदा एवढाच. चाप ओढेपर्यंत गोळी अडवून धरतो तो रायफलीचा पोलादी खटका ते चिमटीत धरत आणि त्यावर एकदाच कानस ओढत. पोलाद पक्कं असेल तर कानस घसरते. कच्चं असेल तर चावते. पास झालेल्या खटक्यावर काका बेलाच्या पानाचा ठसा मारत.

देवासच्या शस्त्रागारात ही त्यांची तिसरी पिढी. संस्थान गेलं, बंदुका पोलिसांकडे गेल्या, त्यांच्यामागे काकाही पोलिसांच्या नोकरीत गेले. मी अन्यायाविरुद्ध पत्रकं छापायचो, त्यांना काका हसायचे. “काय भिया, आज कोणाला सोलून काढलंस?”

मग सुट्या भागांची नवी पेटी आली. काकांनी कमान्या आठ दिवस शिकंज्यात दाबून ठेवल्या. सोडल्यावर त्या तशाच बसून राहिल्या. वीस खटक्यांवर कानस चावली. पेटी नापास.

शस्त्रागाराचे साहेब म्हणाले, “मिस्त्री, माल तो चकाचक है.”

“चमक से गोली नहीं रुकती, साहेब.”

साहेबांनी ठसा काढून घेतला आणि दुसऱ्याच्या हातून वीसही खटक्यांवर मारून घेतला.

हाटपिपल्याच्या चौकीत भिंतीला टेकलेली भरली रायफल घसरून पडली. चाप कोणी ओढला नव्हता. समोर पायाला पट्ट्या गुंडाळत बसलेला शिपाई जागीच गेला. खटक्यावर बेलाचं पान निघालं आणि काका निलंबित झाले.

मी पेटलोच. “काका, तुमच्यावरचा अन्याय छापतो!”

“माझं मरू दे. बाकीचे एकोणीस कुठे आहेत ते छाप.” चौक्यांची यादी त्यांना पाठ होती.

मी अन्याय मोठ्या टायपात छापला, यादी तळाशी बारीक. निषेधाची सभा घेतली, ती गाजली. साहेबांची बदली झाली. खटके जागच्या जागी राहिले.

मग काकाच निघाले. एका खिशात कानस, दुसऱ्यात मोडीतल्या रायफलींचे जुने पक्के खटके. पार मनावर गावापर्यंत चौकी-चौकी फिरले. शिपाई ओळखीचे, रायफल पुढे करत. काका कच्चा खटका काढून पक्का बसवत. सतरा बदलले. धरमपुरीत नव्या जमादाराने पकडलं: सरकारी शस्त्राला बिनपरवाना हात लावला म्हणून. खटला उभा राहण्याआधीच ते तुरुंगात वारले. कानस पुराव्यात जमा आहे.

दोन खटके अजून बाहेर आहेत. म्हणून या वेळी मोठ्या टायपात एवढंच: चौकीवरून जाल तेव्हा पहारेकऱ्याला थांबवा. खटक्यावर बेलाचं पान असेल, तर त्यावर एकदा कानस ओढायला सांगा.