भाऊजींच्या डोक्यातली हवा

उलटतपासणी फक्त कोर्टात होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी अकोल्याला आमच्या भाऊजींच्या घरी कधी चहा घेतलेला नाही. इतके प्रश्न विचारणारा माणूस मी तरी उभ्या वऱ्हाडात दुसरा पाहिला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. धंद्याने वकील, पण काळा कोट खुंटीला टांगला तरी वकिली काही अंगावरून उतरत नसे. दारावर आलेल्या वांगीवालीला ते विचारत, "हे वांगे आज सकाळी तोडले, होय का नाई?" ती बिचारी होय म्हणाली की लगेच, "मंग तोडताना तू तिथं होतीस?" शेवटी ती दोन वांगी वर टाकून टोपली उचलायची आणि म्हणायची, "घ्या बाप्पा, पन माह्यी साक्ष काढू नका!"

अमरावतीला माझ्या लग्नाची बोलणी झाली तेव्हाही हेच. मुलीला सगळा स्वयंपाक येतो, असं तिचे वडील सांगत होते. भाऊजी पुढे सरकून बसले. "तुमी स्वता खाल्ला, का आयकीव माहिती हाये?" तो सज्जन माणूस दहा मिनिटांत घामाघूम झाला आणि पोळी गोल होत नाही, एवढं कबूल करून बसला. मला वाटलं, मोडलं लग्न. पण भाऊजींनी माझ्या, या शाळामास्तराच्या, पाठीवर थाप मारली. "मास्तर, साक्षीदार खरा हाये. डोळे मिटून सोयरीक करा." मी केली. पोळी अजून गोल होत नाही, आणि माझी काही तक्रार नाही.

तर अशा या माणसाला फिट येत असे. लहानपणी मोठा ताप आला होता, त्यात झटके आले होते, आणि कॉलेजात गेल्यावर ते दुखणं पुन्हा उगवलं. बोलता बोलता भाऊजी एकदम थांबत, नजर कुठेतरी लागे, ओठ चाटल्यासारखे हलत, बोटं सदऱ्याच्या गुंड्यांशी चाळा करत. कधी एवढ्यावर भागे, कधी धाडकन खाली पडत. पडण्याआधी त्यांना भुईमुगाच्या शेंगा करपल्याचा वास येई. लग्नाच्या पहिल्या वर्षी ताईने त्या वासापायी फार ऐकून घेतलं. "काय जाळलं?" म्हणून भाऊजी ओरडत, ती चुलीकडे धावे, चुलीवर साधं पाणी तापत असे, आणि परत येऊन पाहावं तर हे जमिनीवर. पुढे ती शहाणी झाली. "काय जाळलं?" ऐकलं की चुलीकडे न जाता उशी घेऊन धावायची.

एकदा भर कोर्टात फिट आली. फिट आलेल्याला चामड्याचा जोडा हुंगवावा, असं आमच्याकडे लोक मानतात. त्यामुळे जो तो पायातला जोडा काढून धावला. शुद्धीवर आल्यावर भाऊजींनी पहिला प्रश्न विचारला, "जोडा कोनाचा होता?" विरुद्ध पक्षाच्या वकिलांचा होता असं कळलं तेव्हा म्हणाले, "मले हरकत हाये. लिहून घ्या."

उपाय काय कमी झाले? हिवरखेडच्या वैद्यांनी नाकात घालायला औषध दिलं. ते कशाचं केलंय, त्यातली मुळी कुठली, ती कोणी उपटली, हे भाऊजींनी इतकं खोदून विचारलं की वैद्यांनी पुढची पुडी दिलीच नाही. मग कोणीतरी सांगितलं म्हणून मी त्यांना मेळघाटात सेमाडोहला एका भूमकाकडे, म्हणजे तिथल्या भगताकडे, घेऊन गेलो. भूमकाने दाणे मांडले, डोळे मिटले आणि भूत आहे म्हणून सांगितलं. भाऊजींनी विचारलं, "बाईचं का मानसाचं? गावचं का बाहेरचं? तुमी त्याले याच्याआधी ओळखत होते?" भूमकाने शांतपणे दाणे गोळा केले आणि म्हणाला, "वकीलसाब, तुम्हारे अंदर भूत टिकेगा कैसे? तुम उसको भी सवाल पूछोगे." भाऊजींनी त्याला हात जोडले आणि उठले. परतताना सबंध रस्ताभर हसत होते.

पण हसण्यावारी न्यायचा काळ संपत आला होता. गोळ्यांनी झोप यायची आणि झटके मात्र वाढत होते. पक्षकार दुसऱ्या वकिलांकडे जाऊ लागले. एका सकाळी कापूसबाजाराच्या रस्त्यावर, कापसाने भरलेल्या बैलगाडीसमोरच भाऊजी पडले. गाडीवानाने कासरा ओढून बैल जागेवर धरले म्हणून ते वाचले. ताई त्या दिवशी रडली नाही. नुसती भिंतीला टेकून बसली. "आता काई तं करा रे," एवढंच मला म्हणाली.

अमरावतीला मुंबईहून शिकून आलेले एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी सांगितलं की अशा काही फिटा मेंदूच्या एकाच कोपऱ्यातून निघतात, आणि तो कोपरा नक्की सापडला तर कापून काढता येतो. सापडला तर. आम्ही तिघं मुंबईला गेलो.

तिथले मोठे डॉक्टर कमी बोलणारे. त्यांनी भाऊजींना करपल्या वासाबद्दल बारकाईने विचारलं आणि म्हणाले, "हा वास बाहेरून येत नाही. मेंदूत, कानाच्या आतल्या अंगाला एक भाग आहे, तिथून फिट सुरू होत असावी." हे ऐकून ताई खुर्चीवरून उठलीच. "आयकलं का? म्हंजे माह्या घरात कधी काई जळलंच नोतं!" भाऊजींनी मान खाली घातली. "आरोपीची निर्दोष सुटका," ते पुटपुटले.

पण तो भाग दोन्हीकडे असतो, उजव्या कानाशी आणि डाव्या कानाशी. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की दोष डावीकडे निघाला तर वाचेला धोका आहे, ते सहसा हात लावणार नाहीत. आधी डोक्याला तारा चिकटवून मेंदूतली वीज कागदावर उतरवली. मग फोटो. त्या काळी मेंदूचा फोटो काढणं म्हणजे शिक्षाच होती. पाठीच्या कण्यात सुई घालून आतलं थोडं पाणी काढत आणि त्या जागी हवा सोडत. हवा चढत चढत मेंदूतल्या पोकळ्यांत शिरे आणि एक्स-रेत काळी उमटे. पोकळीचा आकार बिघडलेला दिसला की शेजारचा मेंदू कुठे सुकलाय ते कळे. पेशंटचं डोकं मात्र फुटायची वेळ येई. भाऊजींना खोलीत आणलं तेव्हा चेहरा पांढराफटक होता, मान उचलवत नव्हती, पण बोलल्यावाचून राहवेना. "मास्तर, अकोल्याचे लोक बारा वर्सं म्हनून राहिले, वकिलाच्या डोक्यात हवा गेली म्हनून. आता त्याचा फोटोच निंगाला."

फोटोचा निकाल यायचा होता त्या दुपारी आम्ही दोघं इस्पितळाच्या व्हरांड्यात बसलो होतो. ताई डबा घासायला गेली होती. भाऊजी हळूच म्हणाले, "डावीकडे निंगालं तं?"

"तर ऑपरेशन नाही. गोळ्या चालू."

"आन् मी हट्ट केला, तं वाचा जाईन. होय ना?" मी होकाराची मान हलवली. "मले दुसरं काई येत नाई, मास्तर. झाडं लावता येत नाई, हिशेब येत नाई. मले निस्तं विचारता येते." त्यांनी माझा हात धरला. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की इतके प्रश्न विचारणाऱ्या या माणसाने आपल्या भीतीबद्दल कोणाला विचारू दिलं नव्हतं.

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. उजव्या बाजूची पोकळी डावीपेक्षा ठळक मोठी होती. तारांचा कागदही उजवीकडेच बोट दाखवत होता. "दोन स्वतंत्र साक्षीदार, आन् जबान्या जुळल्या," भाऊजी म्हणाले, आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागले.

ऑपरेशन त्यांना जागं ठेवून केलं. डोक्याची कातडी तेवढी बधिर केली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की तुम्ही बोलत राहा. असा हुकूम भाऊजींना जन्मात कोणी दिला नव्हता. पडद्याआडून त्यांनी नर्सबाईंचं गाव, शिक्षण, भावंडं, सगळं काढून घेतलं. मध्येच डॉक्टरांनी एका जागी बारीकसा विजेचा स्पर्श केला आणि भाऊजी एकदम ओरडले, "अवं, शेंगा जळून राहिल्या!" नर्सबाई दचकून मागे वळल्या. डॉक्टर म्हणाले, "हीच जागा." हे सगळं मला नंतर तिथल्या धाकट्या डॉक्टरांनी सांगितलं; सांगताना तेही हसत होते आणि चष्मा पुसत होते.

त्यानंतर सुरुवातीला एकदोन लहानसे झटके आले, मग तेही थांबले. डावीकडचं वरचं थोडं कमी दिसायचं, म्हणून भाऊजी दोरीवरच्या ओल्या धोतरांत डोकं अडकवून घेत, आणि धोतरं तिथे कोणी वाळत घातली याची चौकशी करत. पक्षकार परत आले. वांगीवाली मात्र काही दिवस गल्ली बदलून जात होती.

मुंबईहून परतल्यावर भाऊजींनी पहिलं काय केलं असेल, तर सुताराला बोलावून न्हाणीघराला आतून कडी बसवून घेतली. त्या घरात न्हाणीघराला मी कधी कडी पाहिलीच नव्हती. आत पडले तर दार उघडायला हवं, म्हणून ताईने ती लग्नानंतर लगेच काढून टाकली होती, आणि इतकी वर्षं हा भारदस्त वकील नुसतं लोटलेल्या दारामागे अंघोळ करत आला होता. कडी बसली त्या सकाळी ते आत गेले. खट्ट आवाज झाला. ताई बाहेर उभी राहिली.

"काहून उभी हायेस वं?" आतून आवाज आला.

"कोन उभं हाय? मी तं तांदूळ निवडून राहिली," ताई म्हणाली. तिच्या हातात सूप नव्हतं.

पुढे कित्येक वर्षं मी अकोल्याला गेलो की पाहत असे. भाऊजी न्हाणीत गेले की ताईला त्या दाराजवळ काहीतरी काम निघायचंच. भाऊजींनी मात्र त्या पहिल्या दिवसानंतर तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. आत पाण्याचा आवाज थांबला, की कोणी न विचारताच ते एकदा मोठ्याने खाकरत; आणि मग ताई पदर खोचून सावकाश स्वयंपाकघराकडे वळत असे.